मांगकी पडीक नव्हती

माझ्या बापानं मला मारलं आणि त्याबद्दल त्याला शाबासकी मिळाली.

आमच्या नदीकाठच्या जागेवर, भर सकाळी, प्रांतसाहेब आणि गावचे सगळे मोठे लोक बघत असताना मारलं. त्याच्या कमरेला हलगी होती. उजव्या हातात ती वाजवायची काडी, टिपरू होतं. ते खाली ठेवायलाही त्यानं वेळ घेतला नाही. तसाच हात फिरवला. माझ्या गालावर चार बोटं उठली आणि त्यांच्यावरून आडवा एक काडीचा वळ.

नगरपालिकेचे अध्यक्ष तात्यासाहेब हसले. "शाबास रे राणबा," म्हणाले. "पोरीच्या जातीला असंच वळण लावावं लागतं."

माझा बाप कमरेत वाकला. "जी," म्हणाला.

मार मी विसरले असते. तो 'जी' विसरले नाही.

मी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची होते. जातीनं मांग. जर्मनची लढाई संपून वर्ष होत आलं होतं. गाव कृष्णेकाठचं, सातारा जिल्ह्यातलं, बाजारहाटाला सांगलीकडं तोंड असलेलं. गावाचं नाव सांगत नाही. तसली गावं नदीच्या काठानं रग्गड आहेत. ज्याला आपलं वाटेल त्यानं आपलं म्हणावं.

गावाच्या खालच्या अंगाला, पाण्याला लागून, आमची मांगकी होती. गावकीची कामं करायची म्हणून मांगांना कुठल्या तरी जुन्या राजवटीत दिलेली जमीन, तिला मांगकी म्हणायचे. लहानसा उतरता तुकडा. पावसाळ्यात अर्धा पाण्याखाली जायचा. चांगली जमीन मांगाला कोण देतो? पण आमच्या आज्या-पणज्यांनी त्या वाईट जमिनीतनंच पोट काढलं. बांधावरचं, ओढ्याकडचं केकताड कापून आणायचं. त्याच्या जाड काटेरी पात्यांचे भारे बांधायचे. काठावरच्या खड्ड्यांत पाणी सोडून, दगडाखाली दाबून कुजत घालायचे. पंधरा-वीस दिवसांनी बाहेर काढून बडवायचे, नदीत धुवायचे. गर निघून जातो, पांढरा धागा राहतो. तो वाख. वाख वाळवायचा, पिळायचा आणि दोर वळायचे.

केकताडाचा चीक अंगाला लागला की आग होते. लहानपणापासून माझे हात कोपरापर्यंत खाजत असायचे. आईचे हात तर थंडीत फुटून रक्त यायचं. आणि वास म्हणाल तर घाण. मी नाकारत नाही. कुजलेल्या गराचा वास केसांत बसतो. लग्नात नवी चोळी घातली तरी जात नाही.

पण गावातल्या साऱ्या मोटा आमच्या नाड्यावर चालायच्या. बैलाचा कासरा आमचा, गाईचं दावं आमचं, गाडीत ऊस आवळायचं चऱ्हाट आमचं. मराठ्यांच्या मळ्यात जा, नाहीतर जैनांच्या मळ्यात जा, प्रत्येक विहिरीवर आमच्या हातचं काहीतरी लोंबत असायचं. आमचा हात मात्र विहिरीला लागलेला चालत नव्हता.

तात्यासाहेबांचा नवा बंगला नदीकडं तोंड करून होता. संध्याकाळी वारा सुटला की वास वर जायचा. त्यांच्या घरी पाहुणे यायचे, गच्चीवर बसायचे, आणि नाक धरून खाली उतरायचे. असं त्यांच्याकडं शेण काढायला जाणाऱ्या बाईनं सांगितलं होतं. आम्ही तेव्हा हसलो होतो.

मग बागेचं निघालं. गावात दवंडी फिरली. नदीकाठी सार्वजनिक बाग होणार. लोकांना हवा खायला जागा पाहिजे, बायकामुलांना बसायला बाकं पाहिजेत. जमीन घ्यायला सरकारातनं मदत येणार, उरलेलं नगरपालिका घालणार. म्हणजे पैसा लोकांचाच. जकात आमच्या मिठावर पण होती, घरपट्टी आमच्या खोपटाला पण होती. पैसा देताना आम्ही लोक होतो. दवंडीची हलगी माझ्या सख्ख्या चुलत्यानं वाजवली. काय ओरडायचं ते त्याला पढवलं होतं, ते तो ओरडला. कुणाची जमीन, ते त्याला सांगितलंच नव्हतं.

जागा पडीक असली की मंजुरी लवकर मिळते, असं तात्यासाहेबांना कुणीतरी सांगितलं होतं. प्रांतसाहेब स्वतः बघायला येणार होते. मग जागा पडीक करायला पाहिजे.

आदल्या दिवशी नगरपालिकेचा शिपाई आला. लांबूनच ओरडला. "उद्या साहेब यायचाय. खड्डे बुजवा. भारे हलवा. वाळत घातलेलं उचला. एक काडी दिसता कामा न्हाई आन् वास मारता कामा न्हाई."

आबा, म्हणजे माझा बाप, म्हणाला, "कुजाय घाटलंय जी. मदीच काढलं तर वाख हुत न्हाई. समदं वाया जाईल."

"मग जाऊ दे."

दिवसभर सगळा मांगवाडा तिथं राबला. अर्धवट कुजलेले भारे उपसून ओढ्यापलीकडं टाकले. आमच्याच हातानं आमचे खड्डे बुजवले. वर माती सारखी केली. त्यावर बाभळीच्या काट्या आणून टाकल्या, म्हणजे वर्षानुवर्षं कुणाचा पाय पडला नाही असं दिसावं. आईचा बडवायचा दगड होता. तिच्या सासूच्या सासूपासूनचा. बडवून बडवून मधे खोलगट झालेला. तो आम्ही तिघांनी मिळून पालथा घातला. आई म्हणाली, "दगडाचं बी त्वांड लपवाय लागतंय."

आणि दुसऱ्या दिवशी हलग्या घेऊन उभं राहायचा हुकूम. साहेबाच्या स्वागताला.

साहेब मोटारीतनं आला. आपल्यातलाच होता, गोरा नव्हता. मराठी चांगलं बोलायचा. वास काही एका दिवसात जात नाही. त्यानं नाकाला रुमाल लावला. तात्यासाहेबांनी नकाशा उलगडला. इथं कारंजं, इथं बाकं, इथं गुलाबाचे वाफे. आम्ही बाया एका कडेला उकिडव्या बसलो होतो. पुरुष वाजवत होते.

साहेबानं हातानं हलगी थांबवली आणि विचारलं, "ही जमीन कोण वापरतं?"

"कुणी नाही साहेब," तात्यासाहेब म्हणाले. "कायमची पडीक. नुसतं रान माजलंय. कागदावर मांगांच्या नावानं आहे, पण त्यांना जमिनीचं काय करायचंय? वाजवतात आणि मागून खातात."

मी उठून उभी राहिले. माझ्या पायाखाली आदल्या दिवशी बुजवलेला खड्डा होता. माती अजून दबलेली नव्हती. पाय घोट्यापर्यंत आत गेला.

"आमी वापरतो," मी म्हणाले. "आमी हितं वाख काढतो. ह्यो खड्डा कालच बुजवलाय. उकरून बघा."

एवढंच. एवढ्यावर आबाचा हात फिरला.

शाबासकी झाली, 'जी' झालं. साहेब माझ्याकडं बघत होता. मी त्याच्याकडं बघत होते. त्यानं ऐकलं होतं. माझा रुतलेला पाय पण त्यानं बघितला होता. मग त्यानं रुमाल नाकावर नीट धरला आणि तात्यासाहेबांना विचारलं, "पुराचं पाणी कुठवर येतं?"

हलगी परत सुरू झाली.

घरी आल्यावर आबा माझ्याशी बोलला नाही. दोन दिवस नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं ओढ्यापलीकडं टाकलेल्या भाऱ्यांतनं काही निघतंय का बघायला गेलो. काही निघत नव्हतं. पाती उन्हानं वाळून लाकूड झाली होती. तिथं तो बोलला. माझ्याकडं न बघता.

"मी मारलं नसतं तर त्यांनी मारलं असतं. त्यांचा मार तुला सोसला नसता पोरी. मी तुला वाचवलं."

मी म्हणाले, "मला न्हाई वाचवलं आबा. त्यास्नी वाचवलं. सायबानं आनि एक सवाल इचारला असता तर त्यांचं खोटं उघडं पडलं असतं. तुमी मदी आला."

तो हातातलं वाळकं पातं मोडत राहिला. बोटाला काटा लागून रक्त आलं तरी मोडत राहिला. मी जरा जास्तच बोलले असं आई नंतर म्हणाली. असेल. बापाला बोलायला सोपं असतं. तात्यासाहेबांना बोलायचं ते मी त्याला बोलले.

महिन्या-दोन महिन्यांत चावडीवर नोटीस लागली. मला वाचता येत होतं. गावातल्या शाळेत मी चौथी झाले होते, पडवीत बसून. मास्तर माझी पाटी लांबून बघायचा. चुकलं की खडा मारायचा. खडे खाल्ले, पण अक्षरं आली.

नोटीस मी मोठ्यानं वाचली. मांगवाड्यातले दहा-पंधरा जण माझ्या मागं उभे होते. सदर जमीन पडीक आहे, सार्वजनिक बागेसाठी घेण्यात येत आहे, कोणास हरकत असल्यास कचेरीत हजर राहून जबाब द्यावा.

चुलत्यानं विचारलं, "हरकत म्हंजी काय गं?"

"न्हाई म्हनायचा हक्क."

"कुनाला?"

"आपल्याला."

सगळे हसले. माझीच माणसं. पोट धरून हसले. इतकी हसण्यासारखी गोष्ट त्यांनी कधी ऐकली नव्हती.

कचेरीत आम्ही तिघंच गेलो. आबा, आई आणि मी. आबा का तयार झाला, ते त्यानं सांगितलं नाही. सकाळी उठला, पटका बांधला, म्हणाला, "चल."

दुपारपर्यंत आम्हाला अंगणात उन्हात उभं केलं. आमच्यानंतर आलेले आत जाऊन, पान खाऊन बाहेर पडले. सगळ्यात शेवटी हाक मारली. उंबऱ्याच्या बाहेरच थांबायचं. साहेब जेवायला गेले होते. कारकून जबाब लिहून घेणार होता.

"बोल," कारकून म्हणाला.

माझा बाप जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी आपली जमीन सांगत होता. सुरुवातीला अडखळला. मग सुटला. "माज्या आज्याचा आजा हितं वाख काढत हुता जी. आमचं आठ खड्डं हायती. उन्हाळ्यात पानी आटलं की आमी खाली सरतो, पावसाळ्यात वर येतो. पर जागा सोडत न्हाई. माजी आय हितंच केकताड बडवताना बाळंत झाली. मी हितंच जल्मलो. त्या दगडापाशी. आता ही जागा ग्येली तर कुजवायचं कुटं? नदीला दुसऱ्या कडंनं आमाला कोन उतरू देतंय?"

एवढं सगळं तो बोलला. कारकुनाची लेखणी तीन ओळी चालली आणि थांबली.

"अंगठा," तो म्हणाला. कागद उंबऱ्यावर ठेवला. उडू नये म्हणून त्यावर लाकडी रूळ ठेवला. शाईची डबी पायानं पुढं ढकलली. आबा उकिडवा बसला. अंगठा शाईत बुडवला.

मी म्हणाले, "वाचून दाखवा."

"तुझा बाप बोलला तेच लिहिलंय."

"मग वाचाय काय हरकत हाय?"

कारकुनानं चष्म्यावरनं बघितलं. "आता मांगाच्या पोरी सरकारी कागद तपासणार काय? शिवू नकोस त्याला!"

मी शिवले नाही. आबाच्या शेजारी खाली बसले आणि वाकून वाचलं. मोठ्यानं. ओसरीवर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सदर जमीन पडीक असल्याचे मला कबूल आहे. माझी वहिवाट नाही. योग्य मोबदला मिळाल्यास माझी काहीएक हरकत नाही."

ओसरीवरच्या लोकांनी माना वळवल्या.

"आबा," मी म्हणाले, "अंगठा लावू नका."

त्याचा काळा झालेला अंगठा कागदाच्या वीतभर वर होता. कारकून ओरडला, "लाव! लाव म्हणतो ना!" शिपाई दोन पावलं पुढं आला. आई मागनं म्हणाली, "आवं..." आणि थांबली. लावा म्हणायचं होतं की लावू नका, तिलाही ठाऊक नसावं.

आबानं बोटं मिटली. अंगठा मुठीत घेतला. शाई मुठीतनं मनगटावर ओघळली. तशीच मूठ छातीशी धरून तो उठला.

"मी ह्ये बोललोच न्हाई," तो म्हणाला.

'जी' म्हणाला नाही.

आम्ही बाहेर पडलो. त्याच्या सदऱ्यावर काळा डाग पडला होता. वाटेत आबा आमच्या पुढं चालत होता आणि भराभरा चालत होता. त्या दिवसापुरता मला माझा बाप आवडला.

तुम्हाला वाटेल, मग जागा राहिली असेल. नाही राहिली. कचेरीच्या कागदावर त्या दिवसाचं काय लिहिलं ते मला पुढं नक्कल मागवल्यावर कळलं. 'जमीनधारक गैरहजर. हरकत आलेली नाही.' आम्ही उन्हात उभे होतो. मी मोठ्यानं वाचलं. बापाच्या हातावरची शाई चार दिवस निघत नव्हती. आणि कागद म्हणतो आम्ही आलोच नाही.

काठावर तारेचं कुंपण पडलं. गावानं आमच्याकडनं दोर घेणं बंद केलं. कुणी उघड सांगितलं नाही. एका मळेवाल्यानं सांगलीच्या पेठेतनं नवा नाडा आणला आणि मुद्दाम आमच्या दारावरनं नेला. सुगीत खळ्यावर आमचं बलुतं मागायला गेलो तर, "कायदा शिकलायसा न्हवं? कायदा खावा," म्हणाले. गाववाले म्हणाले ते म्हणाले. माझा चुलतापण दारात येऊन आबाला म्हणाला, "तुज्या पोरीच्या चार बुकांनी आमचा बी घास ग्येला." मांगवाड्यात आमच्याशी बोलणं तुटलं.

बागेचं काम निघालं तेव्हा मजुरीला माणसं पाहिजे होती. आई गेली. मी म्हणाले, जाऊ नको. ती म्हणाली, "मग चुलीवर काय तुजी अक्षरं शिजवू?"

सहा महिने तिनं डोक्यावरनं माती वाहिली. ज्या खड्ड्यांवर तिचा जन्म गेला त्यांत भर टाकली, त्यावर गुलाब लागले. तिचा दगड ठेकेदाराच्या माणसांनी फोडला आणि तुकडे पायवाटेच्या कडेला लावले. संध्याकाळी येऊन तिनं ते सांगितलं. रडली नाही. दुसऱ्या दिवशी परत कामावर गेली.

मधे स्वातंत्र्य आलं. तात्यासाहेबांची काळी टोपी गेली, पांढरी आली. बाकी सगळं तेच. खुर्ची तीच, अध्यक्ष तेच.

बाग पुरी झाली आणि एक दिवस ते स्वतः मांगवाड्याच्या तोंडाशी आले. आत आले नाहीत. लिंबाखाली उभे राहिले आणि मला बोलावलं. मागनं आई आली, आबा आला. सगळा मांगवाडा दारादारांतनं बघत होता.

"काळ बदललाय पोरी," तात्यासाहेब गोड आवाजात म्हणाले. "आता कायद्यानंच सगळं सगळ्यांना खुलं आहे. उद्घाटनाला साताऱ्याहून मोठे पाहुणे येणार आहेत. मी ठरवलंय, आभार तू मानायचे. मांगांची शिकलेली मुलगी. पाहुण्यांना बरं वाटेल."

त्यांनी कागद पुढं केला. ह्या खेपेला हातात दिला.

मी वाचला. "आमच्या पडीक जमिनीचे नंदनवन केल्याबद्दल समस्त मांग समाजाच्या वतीने मी माननीय अध्यक्षांचे आभार मानते."

"आणि राणबाला बागेत माळी म्हणून कायमचा घेतो," ते म्हणाले. "महिन्याला पगार. वर डगला."

आईनं मागनं माझा दंड धरला. तिची बोटं आत रुतली. "व्हय म्हन," ती कानात म्हणाली. "व्हय म्हन गं. भाकर हाय त्यात."

वर्षभर आम्ही अर्ध्या पोटी होतो. आईच्या डोक्यावरचे केस माती वाहून मधोमध गेले होते. हे सगळं मला दिसत होतं. मी देवी नव्हते. मला पण भूक होती.

मी विचारलं, "ह्ये पडीक कुनी लिवलं?"

"अगं, लिहायची एक पद्धत असते."

"खोडा त्ये."

"काय?"

"पडीक खोडा. मांगांची वहिवाटीची जमीन, त्यांचं न ऐकता घेतली, असं लिवा. मग वाचते."

त्यांचा चेहरा बदलला नाही. आवाज बदलला. "असलं चारचौघांत वाचता येतं का?"

"मग आभार बी मानता येत न्हाईत."

"बापाच्या पोटावर पाय देतेस तू."

त्यांना कुठं मारायचं ते बरोबर ठाऊक होतं. आणि ते खरं होतं. देत होते मी पाय. मला त्या वेळी दुसरी जागाच नव्हती पाय ठेवायला.

मग ते आबाकडं वळले. हसून म्हणाले, "राणबा, समजव हिला. पूर्वी चांगला समजवायचास."

आबा पुढं आला. माझा गाल आपोआप आवळला. खोटं सांगत नाही, मी डोळे मिटले. मला वाटलं, आता परत.

आबा माझ्या आणि त्यांच्या मधे येऊन उभा राहिला. तोंड त्यांच्याकडं.

"तवा हात चुकीच्या मानसावर उचलला, तात्यासाहेब," तो म्हणाला.

शांतपणे म्हणाला. हात खालीच होते. पण तात्यासाहेब एक पाऊल मागं सरले. मी मोजलं. एकच पाऊल, पण मागं. मग ते तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलले आणि निघून गेले. त्यांचा कागद माझ्या हातातच राहिला.

उद्घाटन झालंच. आम्ही अडून कुणाचं काही अडलं नाही. आभाराला माझा चुलता उभा राहिला, नुसते हात जोडून. माळ्याचा डगला त्याला मिळाला. त्याला मी दोष देत नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मी देते.

त्या गावात आम्हाला राहणं शक्य नव्हतं. सांगलीला आलो. हळदीच्या वखारीत पोती उचलायला आबा लागला, हळद निवडायला आई आणि मी. दिवसभरात माणूस पिवळा होऊन जायचा. आबानं पुन्हा दोर वळला नाही. वाख हातात धरायलाही तयार नसायचा. तात्यासाहेबांना तो बोलला ते एवढंच एक वाक्य. त्यावर त्यानं पुढचे दिवस काढले. आईनं मला माफ केलं नाही. "येका शब्दापायी घालवलंस," म्हणायची. पोतं झाडताना म्हणायची, ताट वाढताना म्हणायची. मी ऐकून घेते. तिला तो हक्क आहे. तात्यासाहेबांना माफ करायला मला मात्र कुणी सांगू नये. ते म्हातारे झालेत, आता आजारी असतात, असं गावाकडचं कुणी आलं की सांगतं. मी ऐकते आणि कामाला लागते.

वखारीतनं सुटल्यावर मी शिकत राहिले. अर्ज कसा लिहायचा, नक्कल कशी मागायची, कुठल्या कागदावर कुणाची सही लागते. आमची नक्कल मी तशीच मिळवली. हळूहळू लोकांना कळलं की एक बाई आहे, वाचून दाखवते, खोटं वाचत नाही.

मागच्या महिन्यात कडेगावाकडच्या एका वस्तीची माणसं आली. ओढ्याकाठच्या त्यांच्या जमिनीला नोटीस लागली होती. म्हणाले, "ताई, आमाला बोलता येत न्हाई." मी म्हणाले, "येतं. तुमच्या घरात काय मुकी राहता? कुणी लिहून घेत नाही, एवढंच." आणि त्यांच्याबरोबर गेले.

कचेरी दुसरी, कारकून दुसरा. मान वर न करता म्हणाला, "बाहेर थांबा. बोलावल्यावर या."

मी आत गेले. त्याच्या टेबलासमोर खुर्ची होती. ती ओढली आणि बसले. वस्तीतल्या म्हातारीला माझ्या शेजारी बाकावर बसवलं.

तो बघतच राहिला. "तुम्ही कोण?"

"ही बाई बोलेल," मी म्हणाले. "ती बोलेल तसं लिहायचं. लिहून झालं की मी मोठ्यानं वाचणार. शब्द तिचा नसेल तर अंगठा मिळणार नाही. आणि अंगठा न घेता आम्ही आलोच नाही असं लिहिलंत, तर उद्या परत येईन. परवा परत येईन."

"ही काय पद्धत झाली?"

"आजपासून हीच."

म्हातारी बोलायला लागली. कारकुनानं लेखणी शाईत बुडवली. मग लिहायला लागला. मी त्याच्या हातावरनं नजर काढली नाही. काढणार पण नाही. जिथं आमच्या माणसाचं बोलणं दुसरा कुणी आपल्या सोयीनं लिहीत असेल, तिथं मी जाऊन समोर बसणार. मला उद्धट म्हणतात. म्हणू दे.